लिथियम एकाला लागू पडतं, दुसऱ्याला नाही. दोष कोणाचा?

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. घाईत असाल तर सेव्ह करून ठेवा आणि रात्री निवांत वाचा. ज्यांच्या घरात बायपोलरचा पेशंट आहे त्यांनी तर वाचाच. आपल्या तालुक्यात अशी घरं किती आहेत हे मला गेल्या दोन महिन्यांत कळलं.

झालं असं की मानसिक आरोग्यावर एक छोटी बातमी केली होती. त्यानंतर फोन सुरू झाले. त्यातल्या तीन घरांनी शब्द बदलून एकच प्रश्न विचारला. ‘भाऊ, अमक्याच्या पोराला लिथियमच्या गोळीने सोन्यासारखं केलं. तीच गोळी आमच्या पोरीला दहा महिने दिली, फरक शून्य. मग गोळी खोटी, डॉक्टर खोटा, का आमची पोरगीच नाटक करते?’

यातला तिसरा पर्याय ऐकून पोटात कालवलं. कारण बऱ्याच घरांत शेवटी तोच ठरतो. गोळी खोटी ठरवायला पुरावा लागतो, डॉक्टरला खोटं म्हणायला धाडस लागतं, पण घरातल्या आजारी माणसाला खोटं ठरवायला काहीच लागत नाही. ‘याला बरंच व्हायचं नाही’, ‘हिची इच्छाशक्ती कमी’, ‘शेजारच्याला जमलं, तुला का जमेना?’ हे मी या कानांनी ऐकलंय.

मी डॉक्टर नाही. पण या विषयावर जे काही शोधून, वाचून, दोन मानसोपचारतज्ज्ञांशी बोलून समजून घेतलं ते मांडतो. एकाच गोळीचा दोन माणसांवर वेगळा परिणाम का होतो, याची कारणं आता बऱ्यापैकी दिसू लागली आहेत. आणि त्यातलं एकही कारण ‘नाटक’ नाही.

आधी थोडं लिथियमबद्दल. मोबाइलच्या आणि ई-बाइकच्या बॅटरीत असतं तेच हे. २०२३ च्या फेब्रुवारीत जम्मूच्या रियासी जिल्ह्यात ५९ लाख टन लिथियमचा साठा असल्याचा अंदाज जाहीर झाला, तेव्हा आम्ही सगळ्यांनी ‘पांढरं सोनं’ म्हणून बातम्या चालवल्या. तेच मूलद्रव्य गोळीच्या रूपात ७०-७५ वर्षांपासून माणसं जगवतंय, त्याची बातमी कुणी करत नाही. असो.

औषध म्हणून ते सापडलं ऑस्ट्रेलियात. जॉन केड नावाचे डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूरच्या चांगी छावणीत जपान्यांच्या कैदेत तीन-साडेतीन वर्षं काढून परतले आणि मेलबर्नजवळच्या बंडूरा इथल्या रुग्णालयात साध्या खोलीत, गिनीपिगवर प्रयोग करत बसले. त्यांची मूळ कल्पना वेगळीच होती आणि पुढे ती चुकीची निघाली, पण त्या वाटेवर लिथियम हाताला लागलं. १९४९ साली त्यांनी १९ रुग्णांचा अहवाल छापला. १० उन्मादाचे, ६ स्किझोफ्रेनियाचे, ३ नैराश्याचे. उन्मादाच्या रुग्णांत जबरदस्त सुधारणा. स्किझोफ्रेनियाचे रुग्ण जरा शांत झाले, पण मूळ आजार जागच्या जागी. नैराश्यवाल्यांना उपयोग नाही.

म्हणजे बघा, लिथियम सगळ्यांना सारखं लागू पडत नाही ही गोष्ट अगदी पहिल्या कागदावरच लिहिलेली होती.

आणखी एक गोष्ट त्याच गोष्टीत दडलेली आहे. केड यांचा पहिला रुग्ण, पन्नाशीचा गृहस्थ, वर्षानुवर्षं वॉर्डात पडून होता. लिथियमने इतका सुधारला की घरी गेला, कामाला लागला. मग त्याने गोळ्या सोडल्या. आजार उलटला. पुन्हा लिथियम सुरू झालं आणि १९५० मध्ये लिथियमच्याच विषबाधेने तो गेला. त्याच सुमारास अमेरिकेत हृदयरोग्यांसाठी मिठाला पर्याय म्हणून लिथियम क्लोराइड विकलं जात होतं, त्यानेही माणसं दगावली आणि ते बाजारातून काढावं लागलं. एकच वस्तू कमी झाली तर निरुपयोगी, बेताची असली तर संजीवनी, थोडी जास्त झाली तर विष. आणि या तिन्हींमधलं अंतर फार थोडं आहे. ही एक गोष्ट डोक्यात ठेवली तर पुढचं सगळं सोपं जाईल.

पुढे डेन्मार्कच्या मोगेन्स शाऊ यांनी १९५४ मध्ये शास्त्रशुद्ध चाचणी केली, नंतर बास्ट्रप यांच्यासोबत हेही दाखवलं की लिथियम नुसता चालू झटका थांबवत नाही तर पुढचे झटके टाळतं. अमेरिकेत त्याला मान्यता मिळायला १९७० उजाडलं.

आता आकडा. ढोबळ मानाने सांगायचं तर लिथियम घेणाऱ्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांना ते उत्तम लागू पडतं. इतकं, की आजार होता हे सांगूनही खरं वाटू नये. एक तृतीयांश लोकांना अर्धामुर्धा फायदा होतो. उरलेल्यांना नगण्य. तुमच्या घरातला पेशंट या तिसऱ्या गटात असेल तर तो एकटा नाही. जगभर लाखो लोक तिथे आहेत.

पण तो खरंच तिसऱ्या गटात आहे का, हे आधी तपासावं लागेल. माझा मुख्य मुद्दा इथूनच सुरू होतो. आपल्याकडे ‘लिथियम लागू पडत नाही’ हा निकाल फार लवकर, आणि बहुतेक वेळा न तपासता लावला जातो.

लिथियम पोटात गेलं की शरीर त्याचं काहीच करत नाही. ते यकृतात तुटत नाही, बदलत नाही. जसंच्या तसं रक्तात फिरतं आणि जवळपास सगळं किडनीवाटे लघवीतून बाहेर पडतं. त्यामुळे रक्तात किती राहणार हे ठरतं तुमच्या किडनीवर. त्यात गंमत अशी की किडनीला लिथियम आणि मिठातलं सोडियम यातला फरक नीट कळत नाही. अंगात मीठ-पाणी कमी पडलं की किडनी सोडियम धरून ठेवायला बघते, आणि त्याच्याबरोबर लिथियमही धरून ठेवते. पातळी चढते.

आता हे आपल्या गावाला लावून बघा. मे महिना, ४४ डिग्री, माणूस दिवसभर शेतात नाहीतर बाजारात, घामाच्या धारा. पातळी चढली. नवरात्रात नऊ दिवस उपास, त्यात कुणी निर्जळीवाले. चढली. रमजानमध्ये उन्हाळ्याचे रोजे. चढली. जुलाब-उलट्यांची साथ आली. चढली. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय ब्रुफेन किंवा डायक्लोफिनॅक घेतली. चढली! बीपीसाठी दुसऱ्या डॉक्टरने टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल नाहीतर लघवीची गोळी सुरू केली आणि वर ‘मीठ बंद करा’ म्हणून सांगितलं, तर तिन्ही गोष्टी एकाच दिशेने ढकलतात. उलट गरोदरपणात किडनीचं काम वाढतं, पातळी उतरते.

म्हणून लिथियमच्या पेशंटची रक्ततपासणी करावी लागते. रात्रीच्या गोळीनंतर साधारण १२ तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी. रोजच्या उपचारासाठी पातळी सर्वसाधारणपणे ०.६ ते १.० च्या दरम्यान ठेवतात, बहुतेकांची ०.८ च्या आसपास. १.५ च्या वर धोका सुरू. हात जोरात थरथरणं, जीभ जड होणं, चालताना तोल जाणं, गुंगी, उलट्या, जुलाब. असं काही दिसलं तर ‘आजार वाढला’ म्हणून गप्प बसू नका. पुढची गोळी देण्याआधी लगेच दवाखाना गाठा.

आता सांगा, ०.३ पातळीवर दहा महिने काढलेल्या पोरीला ‘लिथियम लागू पडलं नाही’ म्हणायचं का? तिला लिथियम दिलंच गेलं नाही असं म्हणावं लागेल. आणि १.३ वर थरथरत असलेल्या माणसाने ‘मला हे औषध सोसत नाही’ म्हणून सोडलं, तर ते सोसत नाही का मात्रा चुकली?

ज्या तीन घरांचा वर उल्लेख केला, त्यांच्या फायली मी त्यांच्या परवानगीने पाहिल्या. एका फाइलीत दीड वर्षात लिथियम पातळीची तपासणी एकदा होती. एकीत दोनदा. एकीत एकदाही नाही. डॉक्टरांनी लिहून दिली नव्हती असं नाही, लिहून दिली होती. पण आपल्या गावातल्या एकाही लॅबमध्ये ती होत नाही. सॅम्पल शहरात जातं, रिपोर्टला तीन-चार दिवस, आणि खर्च गोळीपेक्षा कितीतरी जास्त. जिल्ह्याच्या ठिकाणी जायचं तर एका माणसाची मजुरी बुडते, सोबत जाणाऱ्याचीही. मग ‘पुढच्या वेळी बघू’. एकदा तर सॅम्पल ज्या नळीत घ्यायचं त्यातच गोंधळ झाला. रक्त गोठू नये म्हणून ज्या हिरव्या बुचाच्या नळ्या वापरतात त्यातल्या काहींत लिथियम हेपारिन असतं. त्या नळीत लिथियमसाठी रक्त घेतलं की नळीतलं लिथियमही मोजलं जातं आणि रिपोर्ट खोटाच वर दिसतो. पेशंटच्या वडिलांना सांगितलं गेलं की मुलाने जास्त गोळ्या खाल्ल्या. त्या पोराने दोन दिवस शिव्या खाल्ल्या. कुणी केलं ते लिहीत नाही, तो या पोस्टचा विषय नाही. पण लॅबवाल्या मित्रांनो, एवढं एक लक्षात ठेवा.

हे झालं आपल्या हातातलं कारण. मात्रा बरोबर, पातळी बरोबर, पेशंट एकही गोळी न चुकवता घेणारा, तरीही लिथियम हरतं, असंही खूप घडतं. ते का?

एक कारण असं की ‘बायपोलर’ हा एक आजार नाहीच. एका पाटीखाली अनेक आजार उभे आहेत. जुन्या काळी क्रेपेलिन यांच्या पद्धतीने ज्याला उन्माद-नैराश्याचा आजार म्हणत त्याचं चित्र स्पष्ट होतं. एक झटका, मग माणूस पूर्ण ठीक, मग दुसरा झटका. शाऊ यांच्या काळातले पेशंट बरेचसे या प्रकारातले. १९८० नंतर निदानाची व्याख्या बदलत, रुंदावत गेली आणि वेगवेगळ्या तऱ्हेचे पेशंट त्याच नावाखाली आले. साहजिकच लिथियमचं यश कमी दिसू लागलं.

डॉक्टरांच्या अनुभवात आणि अभ्यासांत काही खुणा पुन्हा पुन्हा दिसतात. ज्यांचे झटके सुटे-सुटे आहेत आणि मधल्या काळात माणूस पूर्ण जागेवर येतो, त्यांना लिथियम छान लागू पडतं. आधी उन्माद, मग नैराश्य, मग ठीक काळ, असा क्रम असेल तर जास्त चांगलं. आधी नैराश्य आणि मग उन्माद असा उलटा क्रम असेल तर तेवढं नाही. वर्षात चार किंवा जास्त झटके येणारे, उन्माद आणि नैराश्य एकाच वेळी अंगात आलेले, दारू-गांजाची सोबत असलेले, अनेक वर्षं उपचाराविना बरेच झटके काढलेले, यांच्यात लिथियम कमी पडतं. यातलं शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. भगत-मांत्रिकाकडे, लग्न करून टाकू म्हणत, ‘साडेसाती संपली की होईल ठीक’ म्हणत घालवलेली पाच-सात वर्षं फुकट जात नाहीत. त्यात औषधाचं काम अवघड होऊन बसतं.

माझ्या माहितीतली दोन माणसं सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. एक एसटीत कंडक्टर होते. तिशीत पहिला झटका. चार दिवस झोप नाही, पगार वाटून टाकला, डेपोत भाषण केलं. मग दोन महिने अंथरुणात. मग एकदम ठीक. लिथियम सुरू झालं आणि पुढे नोकरी पूर्ण करून ते निवृत्त झाले. त्यांच्या आत्याबाईंनाही हाच आजार होता आणि त्याही याच गोळीवर व्यवस्थित होत्या. दुसरी एक बीएड झालेली मुलगी. तिचा आजार असा सुटा-सुटा नाहीच. रडता रडता बडबड, अंगात करंट आणि मनात मरणाचे विचार एकाच वेळी. लिथियम नीट पातळीवर दीड वर्ष दिलं, फार फरक नाही. नंतर दुसऱ्या औषधांवर ती बरीच सावरली. आता शिकवायला जाते. दोघांच्या फाइलीवर नाव एकच, बायपोलर.

कंडक्टरकाकांच्या आत्याबाईंचा उल्लेख सहज केलेला नाही. कॅनडातले पॉल ग्रोफ आणि मार्टिन आल्डा यांनी अनेक वर्षं हेच पाहिलं, की लिथियमला मिळणारा प्रतिसाद घराण्यात चालत येतो. ज्यांना लिथियम उत्तम लागू पडलं त्यांच्या आजारी नातेवाइकांतही सुमारे दोन तृतीयांश लोकांना ते लागू पडलं. तुलनेसाठी घेतलेल्या इतर पेशंटांत हे प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास होतं. म्हणून डॉक्टर विचारतात, ‘घरात अजून कुणाला होतं का? त्यांना कशाने बरं वाटलं?’ तेव्हा ‘आमच्यात कुणालाच नाही हो’ असं खोटं सांगू नका. मुलीच्या लग्नात अडचण येईल म्हणून लपवलेली आत्या भाच्याच्या उपचाराला उपयोगी पडू शकते.

याच आल्डा यांच्या नावाची एक मोजपट्टी आहे. लिथियमचा पेशंटवर किती परिणाम झाला याला ० ते १० गुण द्यायचे आणि मग त्यातून शंकेचे गुण वजा करायचे. झटके मुळातच कमी होते का, औषध पुरेसे दिवस घेतलं का, नियमित घेतलं का, सोबत दुसरी औषधं होती का, असल्या शंका. ७ किंवा जास्त उरले तर खरा प्रतिसाद. मला ही पद्धत आवडली. श्रेय देतानाही शंका आणि नाकारतानाही शंका. आम्हा पत्रकारांनाही अशी एखादी मोजपट्टी हवी.

जनुकांचा शोध अर्थातच झाला. २०१४ मध्ये तैवानच्या संशोधकांनी एका मोठ्या नियतकालिकात जाहीर केलं की एका जनुकातल्या बदलावरून लिथियम लागू पडेल की नाही हे जवळजवळ हमखास सांगता येतं. खळबळ उडाली. इतर देशांनी आपापल्या पेशंटांत तपासलं तर तसं काही सापडेना. मग २०१६ मध्ये अनेक देशांच्या एकत्रित गटाने २,५६३ पेशंटांचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये छापला आणि २१ व्या गुणसूत्रावरच्या एका भागाकडे बोट दाखवलं. २०१८ मध्ये त्याच गटाने आणखी एक गोष्ट दाखवली. ज्यांच्या जनुकांत स्किझोफ्रेनियाकडे झुकणारे छोटे छोटे बदल जास्त, त्यांना लिथियम कमी लागू पडतं. केड यांच्या १९४९ च्या सहा रुग्णांची आठवण होते की नाही?

पण यातून रक्ताच्या एका तपासणीत ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगणारी चाचणी अजून तयार झालेली नाही. शहरात कुणी महागडी ‘जेनेटिक टेस्ट करून लिथियमचं पक्कं सांगतो’ म्हणाला तर पाकीट खिशातच ठेवा. आणि त्या अभ्यासातले बहुतेक पेशंट युरोपीय वंशाचे, बाकी जपान-तैवानकडचे. आपल्या लोकांचं आपल्यालाच शोधावं लागणार. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये पेशंट आणि त्यांच्या कुटुंबांच्या पेशींवर तसं काम चालू आहे, हे बरं आहे.

मला सगळ्यात पटलेला पुरावा पेशींचाच आहे. अमेरिकेतल्या सॉल्क इन्स्टिट्यूटच्या रस्टी गेज यांच्या गटाने बायपोलर पेशंटांच्या त्वचेतल्या पेशी घेतल्या, त्यांना प्रयोगशाळेत आधी मूळपेशी आणि मग मेंदूच्या पेशी बनवलं. २०१५ मध्ये त्यांनी दाखवलं की बायपोलरच्या या पेशी साध्या माणसाच्या पेशींपेक्षा जास्त उत्तेजित, सारख्या तडतडणाऱ्या. त्यावर लिथियम टाकलं. ज्या पेशंटांना प्रत्यक्षात लिथियम लागू पडलं होतं त्यांच्याच पेशी शांत झाल्या. ज्यांना नव्हतं पडलं त्यांच्या तशाच तडतडत राहिल्या.

आता या बशीतल्या पेशींना इच्छाशक्ती नाही. त्या नाटक करत नाहीत. त्यांना सासू नाही, कर्ज नाही, साडेसाती नाही. तरी त्यांचं वागणं त्यांच्या मालकासारखंच! ‘आमची पोरगी नाटक करते का’ या प्रश्नाला माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही.

त्याच गटाने २०२१ मध्ये एक पाऊल पुढे टाकलं. लिथियम पेशीतल्या एका विकराला आवर घालतं, त्यामुळे बीटा-कॅटेनिन नावाचं प्रथिन टिकून राहतं. ते प्रथिन एलईएफ-१ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाशी जोडी जमवून पुढची जनुकं चालू करतं. ज्यांना लिथियम लागू पडत नाही त्यांच्या पेशींत हे एलईएफ-१ कमी आढळलं. शेतकरी मित्रांना सांगायचं तर कालव्याला पाणी सुटलंय, भरपूर सुटलंय, पण तुमच्या चारीचं दारच गंजून बसलंय. वर कितीही पाणी सोडा, वावर कोरडंच. तिथे पाणी वाढवून उपयोग नाही, दुसरी वाट काढायची. व्हॅल्प्रोएट नावाच्या दुसऱ्या औषधाने या पेशींतलं एलईएफ-१ वाढलं असंही त्यांना दिसलं. अर्थात हे थोड्या पेशंटांवरचं प्रयोगशाळेतलं काम आहे. यावरून उद्या कुणी गोळी बदलू नये.

व्हॅल्प्रोएटचा विषय निघालाच आहे तर एक तक्रार मांडतो. आपल्या भागात लिथियमची योग्य परीक्षा होण्याआधीच सरळ व्हॅल्प्रोएट लिहिलं जाण्याचं प्रमाण बरंच आहे. डॉक्टरांची अडचण मला कळते. लिथियमला रक्ततपासणी लागते, ती इथे होत नाही, पेशंट परत येईल याची खात्री नाही, मग धोका कशाला घ्या? पण २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ३३० पेशंटांच्या चाचणीत झटके टाळण्यात एकटं लिथियम हे एकट्या व्हॅल्प्रोएटपेक्षा सरस ठरलं होतं. आणि मूल होऊ शकणाऱ्या वयाच्या मुलींना व्हॅल्प्रोएट देणं बाळाच्या दृष्टीने चांगलंच जोखमीचं, हे सगळे जाणतात. म्हणजे लॅब नाही म्हणून औषध बदलतंय. पेशंटची प्रकृती बघून औषध ठरावं की तालुक्याची लॅब बघून?

लिथियमची जाहिरात करायला कुणी एमआर दारात उभा राहत नाही. जुनं औषध, पेटंट नाही, स्वस्त. राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. नफा नसलेल्या गोष्टीला वाली कमीच.

लिथियम म्हणजे देवाचा प्रसाद असंही मी म्हणत नाही. तहान लागते, लघवी वाढते, हात थरथरतात, वजन वाढतं, थायरॉइड मंदावू शकतो, वर्षानुवर्षांनी काहींच्या किडनीवर परिणाम होतो. म्हणून पातळीसोबत दर सहा महिन्यांनी क्रिएटिनिन, थायरॉइड आणि कॅल्शियम. आत्महत्येचा धोका लिथियमने कमी होतो असं अनेक अभ्यासांच्या एकत्रित निष्कर्षात दिसतं. अमेरिकेतल्या माजी सैनिकांवरच्या अलीकडच्या एका चाचणीत मात्र तसा फरक दिसला नाही. दोन्ही गोष्टी सांगायला हव्यात. पण एका गोष्टीवर कुणाचंच दुमत नाही. चालू असलेलं लिथियम एकदम तोडलं तर आजार उसळून येण्याचा धोका मोठा. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून सोडू नका, ‘काही फरक नाही’ म्हणूनही सोडू नका. कमी करायचं तर डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू.

शिवाय वेळ. उन्मादाचा झटका आठवड्या-दोन आठवड्यांत, कधी तीन आठवड्यांत उतरतो. पण पुढचे झटके थांबले की नाही हे कळायला वर्ष-दोन वर्षं लागतात. ज्या माणसाला दोन वर्षांतून एकदा झटका येतो त्याच्याबद्दल तीन महिन्यांत निकाल कसा लावणार? बाजूने नाही, विरोधातही नाही.

हे सगळं सांगून पुन्हा जमिनीवर येतो. निम्हान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार बायपोलर असलेल्या सुमारे ७० टक्के लोकांपर्यंत उपचारच पोचत नाहीत. देशात एक लाख माणसांमागे एक मानसोपचारतज्ज्ञसुद्धा नाही, पाऊणच आहे. राज्यात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं म्हटली की आपण येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी ही चार नावं घेतो. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर आपल्या ग्रामीण रुग्णालयात येतात, गर्दीत शंभर पेशंट बघतात, त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण त्यांच्या हातात लिथियमची गोळी देऊन पातळी मोजायचं साधन न देणं म्हणजे ड्रायव्हरला एसटी द्यायची आणि स्पीडोमीटर काढून घ्यायचा.

म्हणून माझी मागणी साधी आहे. एक, जिल्हा रुग्णालयात लिथियम पातळीची तपासणी मोफत आणि आठवड्यातून निदान दोनदा व्हावी, आणि ग्रामीण रुग्णालयातून सॅम्पल जायची सोय व्हावी. पेशंटने जायची नाही, नळीने जायची. दुसरं, लिथियमच्या गोळ्यांचा साठा महिनोन् महिने संपलेला राहू नये. तिसरं सरकारकडे नाही, मेडिकलवाल्या मित्रांकडे आहे. वेदनाशामक गोळी मागणाऱ्या गिऱ्हाइकाला ‘दुसरी कुठली गोळी चालू आहे का?’ एवढं विचारा. लिथियम म्हणाला तर डॉक्टरला विचारल्याशिवाय देऊ नका.

निवेदनाचा मसुदा तयार आहे. जिल्हा शल्यचिकित्सकांना आणि पालकमंत्र्यांना द्यायचा आहे. सोमवारपासून सकाळी ११ ते १ मी ऑफिसात असेन, सही करायला या. ज्यांच्या घरात पेशंट आहे त्यांनी नाव टाकलंच पाहिजे असं नाही. फाइलीतला शेवटचा लिथियम रिपोर्ट कधीचा आहे एवढी तारीख मला इनबॉक्समध्ये कळवा, नावाशिवाय. रिपोर्टच नसेल तर ‘नाही’ लिहा. त्या तारखांची यादी मी निवेदनाला जोडणार आहे. आणि या मधल्या काळात रात्री-अपरात्री कुणाला बोलायची गरज वाटली तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मोफत आहे, मराठीत बोलतात.